टाकीवर हात ठेवा

तुम्ही चिंचोटी फाट्यावर अडकला आहात. यात नवल काही नाही, इथे माणूस अडकतोच. मे महिन्यातली दुपार आहे. भिवंडीकडे वळू पाहणारा एक अजस्र कंटेनर अर्धा डांबरावर, अर्धा खडीत असा तिरका रुतलाय. त्याच्यामागे ट्रकांची रांग, आणि मिळेल त्या फटीत नाक खुपसणाऱ्या रिक्षा. कंटेनरचा किन्नर खाली उतरून पत्र्यावर थापा मारत ओरडतोय, "आने दे, आने दे, आने दे... बस्स!" त्याचं कुणी ऐकत नाही, कारण सगळेच ओरडतायत. तुंगारेश्वरचा डोंगर उन्हाने पिवळा पडलाय. पावसाळ्यात ज्या धबधब्यासाठी इथे झुंबड उडते, त्याचा आत्ता मागमूसही नाही. हातातला वडापाव संपला, कागद तुम्ही चुरगळून खिशात टाकलात. शाबास. पण त्या कागदावर लक्ष ठेवा, तो पुढे नडणार आहे.

तुमच्या रिक्षाला खेटून एक जुनी मोटारसायकल उभी आहे. बजाज व्ही. 2016 साली ही गाडी बाजारात आली तेव्हाची जाहिरात आठवते? आयएनएस विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू नौका दारुखान्यात तोडली गेली, तिचं पोलाद वितळवलं आणि त्यातलं काही या गाडीच्या टाकीत आलं. गाडीचा मालक हेल्मेट काढून घाम पुसतोय, त्याचं तुमच्याकडे लक्ष नाही. हळूच हात बाहेर काढा आणि टाकीवर ठेवा.

चटका बसेल. काढू नका हात.

आता पायाखाली बघा. खडी गेली, डांबर गेलं. राखाडी रंगाचं खरखरीत पोलाद आहे आणि ते उन्हाने इतकं तापलंय की चपलेचा रबर मऊ पडतोय. नाकात घुसणारा वास ओळखीचा वाटेल: रॉकेल. विमानाचं इंधन हे रॉकेलचंच भावंड. संध्याकाळी चाळीत सगळ्या बिऱ्हाडांचे स्टोव्ह एकदम पेटावेत आणि त्या वासात खारा वारा, ग्रीस आणि तापलेला रंग मिसळावा, तसा हा वास. आणि वारा! वसईच्या किनाऱ्यावरचा वारा तुम्ही खाल्लाय, पण हा वारा तुम्हालाच खातो. उभं राहायचं तर पुढे झुकावं लागतं. पापण्या उलटतात. तोंड उघडलंत की शब्द बाहेर पडण्याआधीच वारा आत शिरतो.

"ए बाबा, मागे सर! मरतलस!"

मानगुटीला धरून कुणीतरी तुम्हाला मागे ओढतं. बरं झालं. तुम्ही जिथे उभे होतात तिथे एक पंखा फिरतोय, आणि तो तुम्हाला दिसलाच नाही. पूर्ण वेगात फिरणारा पंखा दिसत नाही. त्याच्या जागी फक्त थोडी थरथरती हवा असते. विक्रांतच्या या डेकवर नव्याने आलेल्या पोराला पहिला धडा मिळतो तो हाच.

तुम्हाला ओढणारा पोरगा मालवणकडचा. वय वीस-एकवीस, ओठांवर मिठाचे पापुद्रे, डोळे लाल. "खयचो तू?" तुम्ही वसई सांगता. तो मान हलवतो, वसईची सुकेळी त्याला ठाऊक आहेत. तुम्ही खिशात हात घालता. सुकेळी नाहीत, पण त्या खटपटीत वडापावचा कागद बाहेर पडतो.

आणि सगळं डेक थबकतं. दोघे-तिघे कागदामागे धावतात, एक जण चक्क पोटावर झेप घेऊन तो छातीखाली दाबतो. कबड्डीत अशी पकड पाहून मैदानाने शिट्ट्या मारल्या असत्या. इथे मात्र मिळतात त्या शिव्या, त्याही चार भाषांतून. जेट विमानाचं इंजिन समोरची हवा ओढून घेतं आणि हवेबरोबर जे येईल तेही. एखादा स्क्रू, बटण, खडा आत गेला तर आतली पाती तुटतात. म्हणून उड्डाणांच्या आधी माणसं खांद्याला खांदा लावून एका रांगेत उभी राहतात आणि डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर जमिनीत रोवून चालत जातात. लग्नघरात नथ हरवली की सगळ्या बायका अंगणात वाकून फिरतात, अगदी तसं. आता तुम्हीही त्या रांगेत चाला. हीच तुमची शिक्षा.

चालता चालता डेकचा अंदाज येईल. नौकेची लांबी सुमारे 700 फूट. क्रिकेटच्या साधारण दहा खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या की झालं. एका कडेला नौकेचा मनोरा आहे, त्याला इथे 'आयलंड' म्हणतात, आणि बाकी सगळं सपाट छप्पर. या छपरावर विमानं उडतात, उतरतात, वळतात, इंधन घेतात, मोडतात, दुरुस्त होतात, आणि खाली हजारभर माणसं जेवतात, झोपतात, भांडतात. साल विचारू नका. 1960 चं दशक संपत आलंय, एवढं पुरे. ही नौका ब्रिटिशांनी त्यांच्या युद्धासाठी बांधायला घेतली, नाव ठेवलं 'हर्क्युलिस', आणि युद्ध संपताच अर्धवट टाकून दिली. आपण ती 1957 साली विकत घेतली आणि पुरी करवून घेतली. 4 मार्च 1961 रोजी बेलफास्टला तिच्यावर तिरंगा चढला. त्याच वर्षी 18 मे रोजी राम तहिलियानी या तरुण अधिकाऱ्याने तिच्यावर पहिलं जेट विमान उतरवलं. पुढे ते नौदलप्रमुख झाले. इतिहास इथे संपला. रांगेत चाला, खाली बघा.

खाली बघून मान दुखली असेल तर वर बघा, आता खरी मजा आहे. माणसं रंगीबेरंगी अंगरख्यांत धावतायत. ज्याचा जो रंग, ते त्याचं काम. पिवळा अंगरखा सगळ्यांत महत्त्वाचा: विमान कुठे न्यायचं, कधी थांबवायचं, ते तो ठरवतो. चिंचोटीचा तो किन्नर आठवतोय? हा त्याचाच थोरला भाऊ, फक्त मुका. इथे ओरडून उपयोगच नाही. इंजिनांचा आवाज कानाला ऐकू येत नाही, दातांत जाणवतो. म्हणून सगळा कारभार हातांनी चालतो. दोन्ही हात वर आणि मागे ओढले की ये. एक हात ताठ, दुसरा हलता, की ताठ हाताच्या बाजूला वळ. मुठी आवळल्या की ब्रेक. आत बसलेला वैमानिक हुद्द्याने कितीही मोठा असो, पिवळ्या अंगरख्याच्या हातांकडेच बघतो. समुद्र त्याला दिसत नसतो, डेकची कडा त्याच्या नाकाखाली लपलेली असते आणि पुढचं चाक त्या कडेपासून कधीकधी हातभरावर असतं. हा विश्वास मला नेहमीच विमानापेक्षा मोठा वाटत आलाय.

कर्ण्यावरून काहीतरी घोषणा होते, नौका कलते आणि वळते. वाऱ्याच्या तोंडाकडे. विमानाला उडायला पंखांखालून वारा लागतो, आणि इतक्या आखूड छपरावर तो मिळायचा तर नौकेने स्वतः वाऱ्यावर धावून जायचं. समुद्रावर झुळूक नसली तर खाली भट्ट्या जास्त पेटवायच्या आणि वारा तयार करायचा. मघाशी तुम्हाला ढकलत होता त्यातला अर्धा वारा घरगुती आहे म्हणा ना.

सगळ्यांत आधी कोण उडणार? तुमचं लक्ष त्या देखण्या जेट विमानांकडे असणार, ती पंख दुमडून नमस्कार केल्यासारखी उभी आहेत. पण नाही. मालवणी पोरगा तुम्हाला कोपराने ढोसतो आणि मागे बोट दाखवतो. तिथे काचेचं डोकं आणि बारीक शेपटी असलेलं एक हेलिकॉप्टर आहे, चतुरासारखं. जन्माने फ्रेंच, नाव 'अ‍ॅल्युएट', म्हणजे चंडोल. आपल्याकडे ते बेंगळुरूला बनू लागलं आणि 'चेतक' झालं. पक्ष्याचा घोडा झाला, पण उडायचा राहिला नाही. पंखा फिरत असताना दोन-तीन पोरं वाकून, जवळजवळ रांगत त्याच्या पोटाखाली जातात, डेकला बांधून ठेवलेले त्याचे साखळदंड सोडतात, बाहेर येतात आणि सोडलेले साखळदंड हात उंचावून वैमानिकाला दाखवतात. बघ, सगळे सुटले. एक जरी राहिला असेल तर चंडोल उडता उडता कलंडेल आणि आसपासची माणसं कापून काढेल.

ते उडतं, थोडं बाजूला सरकतं आणि नौकेच्या डाव्या अंगाला, लाटांच्या जरा वर, तिच्याबरोबर चालत राहतं. दारात माणूस उचलायची छोटी यारी. तिच्या टोकाला पट्टा. पट्ट्याशेजारी पाय बाहेर सोडून बसलेला एक जण. बस्स. त्याला कुठे जायचं नाही. कुणी पाण्यात पडलं तर उचलायचं, आणि कुणी पडलं नाही तर दिवसभर तसंच तरंगत राहायचं. या हेलिकॉप्टरांच्या तुकडीचं नाव 'एंजल्स'.

"तो पयलो जाता आणि शेवटाक येता," पोरगा तुमच्या कानाला तोंड लावून ओरडतो. "त्याका कोण टाळी वाजवना नाय."

आता सी हॉक. समुद्रावरचा ससाणा. एकाच माणसाचं विमान, गोल नाक, आणि धूर शेपटीतून न सोडता दोन्ही पंखांच्या मुळाशी सोडणारं. पंख उलगडतात. पिवळे हात त्याला पुढे आणतात, पुढच्या भागातल्या एका लांब फटीपाशी. त्या फटीतून वाफ येतेय, सकाळी इडलीच्या भांड्याचं झाकण किलकिलं करावं तशी. पोरं खाली वाकतात, विमानाच्या पोटाला जाड तारेचा फास अडकवतात, दुसरं टोक फटीतल्या आकड्याला. मागूनही त्याला एका दुव्याने बांधून ठेवलंय. तो दुवा मुद्दाम कमजोर केलेला असतो, ठरलेल्या ताणाला बरोबर तुटेल असा.

इंजिनाचा आवाज चढतो. त्याला आवाज म्हणणं बरोबर नाही. छातीच्या पिंजऱ्यात कुणीतरी पत्रा फाडतंय. गरम हवेचा झोत तुमच्या नडग्यांवर येतो, रॉकेलने डोळे चुरचुरतात. अधिकाऱ्याच्या हातातला हिरवा झेंडा वर जातो. वैमानिक डोकं मागे टेकवतो. झेंडा खाली पडतो.

धाड.

पापणी लवली का? मग हुकलं. जेमतेम दोन सेकंदांचा खेळ. शे-सव्वाशे फुटांच्या आत, उभ्या जागेवरून, वाफेने त्या सगळ्या लोखंडाला गोफणीतल्या दगडासारखं भिरकावलं. विमान कडेपलीकडे जातं, किंचित खाली बसतं, आणि त्या क्षणी डेकवरची सगळी डोकी नकळत वर उचलली जातात, जणू आपण मान उचलली की तेही उचललं जाईल. उचललं जातं. डाव्या अंगाला चंडोल आपला तसाच.

हा धक्का तुमच्या पोटात बसला ना? तो खाली सहा मजले जाणवतो. चला, खाली जाऊ. नाहीतरी उन्हाने तुमचं डोकं भणाणलंय.

जिना उभा, जवळजवळ शिडीच. डोकं सांभाळा, इथे प्रत्येकाच्या कपाळावर एकदा तरी टेंगूळ आलेलं आहे. आधी लागतं ते विमानघर, हँगर. गणपतीच्या कारखान्यात शेवटच्या आठवड्यात जशी मूर्तींमधून वाट काढावी लागते, तशी इथे दुमडलेल्या पंखांतून काढावी लागते. तेलाचे थेंब, तारांची भेंडोळी, कुणीतरी इंजिनात कोपरापर्यंत हात घालून उभं, आणि विमानाच्या चाकाला टेकून घोरत पडलेला एक मेकॅनिक. त्याला उठवू नका, तो रात्रभर जागलाय. एक घंटा वाजते, छताचा एक तुकडा आकाशासकट खाली येतो. ही लिफ्ट. विमान त्यावर ढकलतात, दहा-बारा जण खांदा लावून, आपल्याकडे बंद पडलेली एस.टी. ढकलतात तसे.

आणखी खाली. आता वास बदलतो: जळकं तेल, घाम, ओलं लोखंड. बॉयलर. नौकेत असे चार आहेत. त्यांच्या वाफेवर 40,000 अश्वशक्तीची यंत्रं फिरतात, आणि वरची ती गोफणही याच वाफेवर चालते. पुढच्या माणसाचा चेहरा बघा, मीठ वाळून पांढरा झालाय. वरच्या पोरांना निदान विमान दिसतं. इथल्याला फक्त दाबाचा काटा दिसतो. विमान उडाल्याचं त्याला काट्याच्या झटक्याने कळतं.

आणि एक हिशेब लक्षात घ्या. वाफ म्हणजे गोडं पाणी. ते समुद्राचं पाणी उकळून इथेच तयार करायचं. प्रत्येक विमान आकाशात जाताना त्यातलं थोडं घेऊन जातं. तेव्हा आंघोळीची बादली मनात आणू नका. कपड्यांना वास येतोय? सगळ्यांच्याच येतोय, त्यामुळे कुणाच्याच येत नाही.

जेवण मिळेल. थाळी एका हातात, दुसऱ्या हाताने टेबल धरायचं. आमटी नौकेच्या कलाने एकदा इकडे, एकदा तिकडे जाते आणि सरावलेला माणूस भात बरोबर त्या बाजूला सारतो. तुमच्या एका बाजूला पंजाबचा जवान, दुसऱ्या बाजूला केरळचा, समोर रत्नागिरीचा. बोली सगळ्यांची एकच: अर्धी हिंदी, अर्धी इंग्रजी, शिव्या आपापल्या. चहा मात्र एकमताने काळाकुट्ट आणि गोड. अजून दोन घोट घेतलेले नाहीत तोच पुन्हा कर्णा. विमानं परत येतायत.

वर चला, खरी परीक्षा आता. उडताना यंत्र ढकलतं, उतरताना माणसालाच उतरावं लागतं. नौकेच्या मागच्या अंगाला कडेशी एक मोठा बाकदार आरसा उभा आहे. त्यात एका दिव्याचं प्रतिबिंब पडतं, आणि आरशाच्या दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांची ओळ. प्रतिबिंब हिरव्या ओळीच्या वर दिसलं तर तुम्ही फार उंच, खाली गेलं तर फार खाली, आणि फार खाली म्हणजे नौकेच्या पाठीवर आदळणं. ते चेंडूसारखं मध्ये धरायचं. ताशी दोनशेच्या आसपास वेग असताना. डेक तिकडे वर-खाली होतंय आणि तुमच्यापासून पळतंय. विमानाच्या शेपटीखाली एक आकडा लोंबतोय. डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या. आकड्याने त्यातली एक पकडायची.

ससाणा येतो. चाकं आपटतात, रबर जळाल्याचा वास. आकडा तारांवरून ठिणग्या उडवत घसरतो. हुकला! वैमानिकाने टेकतानाच इंजिन पूर्ण उघडलेलं असतं, मुद्दाम, याच क्षणासाठी. तिरक्या डेकवरून तो सरळ पुढे निसटतो आणि पुन्हा आभाळात. लाज वाटायचं कारण नाही. मालवणी पोरगा हसतो खरा, पण त्याची नखं तुमच्या दंडात रुतलीयत. दुसऱ्या फेरीत तार सापडते, विमान दोन-अडीचशे फुटांत जागच्या जागी थांबतं आणि वैमानिकाचं डोकं पट्ट्यात पुढे झुकतं.

ससाण्यांनंतर अलीझे. हेही फ्रेंच, अर्थ व्यापारी वारे. पुढे एकच पंखा, आत तिघं जण, आणि पोटातून बाहेर निघणारा रडारचा गोळा. काम पाणबुड्या हुंगायचं. तासन्‌तास समुद्रावर घिरट्या. दिसायला गबाळं, पण आवाज ऐका: बारीक, टोकदार शीळ. सांताक्रूझला इंडियन एअरलाइन्सची फॉकर किंवा अ‍ॅव्रो उतरताना ऐकली असेल तर ही शीळ ओळखाल. रोल्स-रॉईसचं तेच डार्ट इंजिन. आतून तिघं उतरतात ते पाठ धरूनच. सबंध दुपार एका हिरवट पडद्यावर ठिपका शोधण्यात गेलीय आणि ठिपका निघाला तो मच्छीमारांचा पडाव.

सूर्य पाण्याला टेकला. विमानं दोरखंडांनी जखडली गेली. आता तुम्हाला भूक, झोप, आंघोळ सगळं एकदम आठवतंय. चला म्हणाल. थांबा. एक जण बाहेर आहे.

चंडोल अजून तिथेच, लाटांच्या वर. सबंध दिवसात त्याने कुणालाही उचललं नाही. सगळे परतल्याची खात्री झाल्यावर तो हळूच सरकत येतो, दोन हात त्याला बोलावतात, चाकं टेकतात, रांगणारी पोरं पुन्हा पोटाखाली जातात आणि साखळदंड आवळतात. दारातला माणूस पाय झटकत उतरतो. मुंग्या आल्यात. मालवणी पोरगा त्याच्याकडे बघत दोनदा टाळी वाजवतो. वाऱ्यात ती कुणालाच ऐकू जात नाही.

हा ससाणा आणि हे व्यापारी वारे आजही बघायचे असतील तर गोव्याला दाभोळीजवळ नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे. विक्रांत समुद्रात नसली की ही विमानं दाभोळीच्याच माळावर राहायची. हात लावून बघाल तर गार लागतील, आणि रॉकेलचा वास नसेल. नौकेचं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. 31 जानेवारी 1997 रोजी ती निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, मग 2014 साली लिलाव, गॅस कटर आणि भट्टी.

आता अंधारात त्या पोलादावर तळहात टेका. दिवसभराचं ऊन अजून आहे त्यात.

"ओ काका, टाकीला काय लागलंय का?"

मोटारसायकलवाला तुमच्याकडे बघतोय. तुम्ही हात काढता, तळवा लाल झालाय. कंटेनर अजून तसाच तिरका. किन्नरचा घसा बसलाय, तरी तो पत्रा बडवतोय. हॉर्न, हॉर्न, हॉर्न. केबिनमधला ड्रायव्हर गोंधळून एकदा या आरशात, एकदा त्या आरशात बघतो.

तुम्ही रिक्षातून उतरता. का, ते विचारू नका. कंटेनरच्या समोर, ड्रायव्हरला दिसाल असे उभे राहता. तोंडातून शब्द काढत नाही. दोन्ही हात वर करता, पंजे स्वतःकडे, आणि संथपणे मागे ओढता. ड्रायव्हरची नजर आरशातून सुटते आणि तुमच्या हातांवर येते. डावा हात ताठ, उजवा हलता. पुढचं चाक खडीतून डांबरावर चढतं. अजून. अजून जरा.

मुठी आवळा.